काळ्या कुळकुळीत टायरमागचा हिशेब

कार डिटेलिंगचा धंदा करायचाय? मग कोटिंगचे रील्स जरा वेळ बाजूला ठेवा आणि टायर पॉलिशचा हिशेब मांडा. काटकसर कुठे संपते आणि चिंगूसपणा कुठे सुरू होतो, हे तिथेच कळतं.

कॉलेजच्या कट्ट्यावर सध्या धंद्याच्या गप्पा जोरात असतात. कुणाला क्लाउड किचन काढायचंय, कुणाला टी-शर्ट छापायचेत आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असा असतोच, ज्याला कार डिटेलिंग करायचंय. त्याचं बरोबरच आहे. दुकान नसलं तरी चालतं, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्याच गाड्या उभ्या असतात आणि शनिवार-रविवार आपल्यालाही सुट्टी असते. पण गप्पा रंगतात त्या कशावर? सिरॅमिक कोटिंग, पीपीएफ, पॉलिशिंगचं मशीन, फोमची तोफ. टायरचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं: 'त्यात काय? शेवटी पॉलिश मारायचं, झालं.'

माझं म्हणणं असं आहे, की या 'त्यात काय' कामावरच तुमचा धंदा टिकेल की बसेल हे ठरतं. कोटिंगचं गिऱ्हाईक एकदा आलं की पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. टायर मात्र प्रत्येक गाडीला, प्रत्येक वॉशला, चारच्या चार करावे लागतात. जे काम रोज होतं त्यातली गळती रोज होते. आणि जे काम कुणी शिकवत नाही, ते जो तो आपापल्या मनाने करत बसतो.

मुद्दा पटत नसेल तर एवढंच करा. धुऊन पुसून लख्ख केलेली गाडी बघा आणि तिचे टायर तसेच मातकट सोडून द्या. कडक इस्त्रीचा शर्ट घालून पायात धुळीने माखलेल्या चपला असाव्यात, तशी ती गाडी दिसते. गिऱ्हाइकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण पैसे देताना हात जरा आखडतो. उलट टायर नीट काळे असतील तर साधा वॉशसुद्धा भारी वाटतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुठल्याही वॉशिंग सेंटरवर जाऊन उभे राहा. झेंडूचा हार घालायच्या आधी प्रत्येकाला टायर काळे कुळकुळीत हवे असतात. रांग रस्त्यापर्यंत जाते आणि मालकाला एकेक मिनिट मोजावं लागतं.

टेबलाएवढं काम

आधी हे काम आहे तरी केवढं ते बघू. बऱ्याच हॅचबॅक आणि छोट्या सेडानला १८५/६५ आर १५ मापाचा टायर असतो. म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिमी आणि आत १५ इंची रिम. दहावीतलं वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवा. पूर्ण टायरचं वर्तुळ घ्या आणि त्यातून रिमचं वर्तुळ वजा करा. एका टायरची दिसणारी बाजू भरते जेमतेम ०.१९ चौरस मीटर. चारही टायर मिळून ०.७६ चौरस मीटर, म्हणजे साधारण आठ चौरस फूट.

आठ चौरस फूट म्हणजे चार फूट बाय दोन फुटांचं तुमचं अभ्यासाचं टेबल. पुसायला किती पाणी लागेल त्याला? बाटली ओताल का?

टायरवर मात्र बाटलीच ओतली जाते. फसफस फवारा मारायचा, थेंब ओघळेपर्यंत मारायचा आणि 'मस्त चमकतोय' म्हणायचं. खरं तर चार टायरना वीस मिली पुरतं. कफ सिरपच्या बाटलीवरचं मापाचं झाकण साधारण दहा मिलीचं असतं, तशी दोन झाकणं. वीस मिली त्या आठ चौरस फुटांवर सारखं पसरलं तर ०.०२६ मिमी जाडीचा थर होतो. प्रिंटरचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. म्हणजे कागदाच्या पाव जाडीचा थर, आणि पाण्यावर आधारित पॉलिश असेल तर त्यातलं पाणी उडून गेल्यावर तो आणखी पातळ होतो. टायर जुना, कोरडा पडलेला असेल तर थोडं जास्त लागेल, पण दुप्पट-तिप्पट कधीच नाही. वरचं सगळं रबरात मुरत नाही. ते नुसतं वर बसून राहतं, गाडी वेगात गेली की उडतं आणि दारावर, मडगार्डच्या कडेवर काळे ठिपके उठवतं. पांढऱ्या गाडीचा मालक दुसऱ्या दिवशी फोन करतो, तो यासाठीच.

आता 'पॉलिश' या शब्दाबद्दल. आपण सगळे टायर पॉलिशच म्हणतो, पण त्यात घासून चमकवण्यासारखं काही नसतं. तो टायरला द्यायचा एक हात असतो. बाजारात त्याच्या दोन जाती मिळतात. एक पाण्यावर आधारित, दुधासारखा पांढरा, ज्यात सिलिकॉन पाण्यात मिसळलेलं असतं. तो लावल्यावर टायर नव्यासारखा, फार न चमकता काळा दिसतो. दुसरा सॉल्व्हंटवर आधारित, तेलकट. तो ओला असल्यासारखा चकाकतो आणि जास्त टिकतो, पण जास्त उडतो, धूळ धरतो आणि पेटही घेऊ शकतो. सुरुवात करणाऱ्याने पाण्यावरचाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातले काही प्रकार घट्ट येतात आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालून वापरता येतात. तेच जास्त पातळ करून मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला आणि बंपरखालच्या काळ्या पट्टीला चालतं. एक कॅन, तीन कामं. फक्त जे 'थेट वापरा' म्हणून विकलं जातं त्यात पाणी घालायला जाऊ नका. आणि पाणी मिसळायचं ते त्या दिवसापुरतंच.

बाटली महाग की मिनिट?

आता वही काढा. आकडे तुमच्या गावात वेगळे असतील, पण रीत हीच.

समजा तुम्ही एक हाताखालचा मुलगा ठेवलाय. महिन्याला १५,००० रुपये, २६ दिवस, रोज आठ तास. भागाकार केला तर त्याचं एक मिनिट पडतं १ रुपया २० पैशांना. तुम्ही स्वतः राबत असाल तरी तुमच्या मिनिटाला हाच दर लावा. 'माझी मेहनत फुकट' हे गृहीत धरूनच अर्धे धंदे तोट्यात जातात आणि मालकाला ते कळतही नाही.

पहिली पद्धत, फवाऱ्याची. समजा ५०० मिलीची बाटली ४०० रुपयांना आणली, म्हणजे ८० पैसे मिली. एका गाडीला ६० मिली उडालं, तर ४८ रुपये. मारायला पाच मिनिटं आणि रिमवर, दारावर, फरशीवर उडालेलं पुसायला दहा. पंधरा मिनिटांचे १८ रुपये. एकूण ६६.

दुसरी पद्धत, स्पंजची. समजा पाच लिटरचा कॅन १,५०० रुपयांना मिळाला, म्हणजे ३० पैसे मिली. वीस मिलीचे ६ रुपये. आठ मिनिटांचे ९ रुपये ६० पैसे. एकूण १५ रुपये ६० पैसे.

एका गाडीमागे पन्नास रुपयांचा फरक. दिवसाला सहा गाड्या धरल्या तर महिन्याच्या १५६ गाड्या होतात आणि फरक जातो ७,८०० रुपयांवर. हाताखालच्या मुलाचा अर्ध्याहून जास्त पगार तुम्ही हवेत फवारत होतात. कुठलं मोठं मशीन न घेता, दर न वाढवता तो परत मिळतो.

पण माझ्या मते या हिशेबातली खरी शिकवण पुढे आहे. दुसऱ्या पद्धतीत पॉलिशचे ६ रुपये झाले आणि वेळेचे ९ रुपये ६० पैसे. म्हणजे गळती बंद झाल्यावर बाटलीपेक्षा मिनिट महाग झालं. आता कुणी म्हणेल, अजून पाणी घालू, सहाचे तीन करू. वाचले किती? तीन रुपये. म्हणजे अडीच मिनिटं. आणि पातळ पॉलिशमुळे टायर दोन दिवसांत पुन्हा मातकट दिसला, गिऱ्हाईक परत आलं, वीस मिनिटं फुकट घालवून पुन्हा काम करावं लागलं, तर २४ रुपये गेले. शिवाय 'यांचं काम टिकत नाही' हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं ते वेगळंच. पन्नास रुपये वाचवणं ही काटकसर होती. हे शेवटचे तीन रुपये वाचवणं हा चिंगूसपणा. धंद्यात ही रेघ ज्याला दिसते तो टिकतो.

कॅनच्या बाबतीतही तेच. घाऊक माल स्वस्त पडतो म्हणून पहिल्याच दिवशी पाच लिटर उचलू नका. तुम्ही फक्त रविवारी चार गाड्या करणार असाल तर आठवड्याला लागणार ८० मिली. पाच लिटर संपायला वर्षाच्या वर जाईल. तोवर पैसे अडकलेले आणि कॅन बाल्कनीतल्या उन्हात खराब होत पडलेला. अशा वेळी एक लिटर घ्या, मिलीमागे थोडे जास्त पडले तरी चालतील. महिन्याला दीडशे गाड्या व्हायला लागल्या की कॅन दीड महिन्यात संपतो. तेव्हा घाऊकचा विचार करा.

झटपट म्हणजे घाई नव्हे, क्रम

आठ मिनिटांत चार टायर कसे होतात? हात भराभर चालवून होत नाहीत. काम कुठल्या वेळी करायचं ते ठरवलं की होतात.

टायर आणि रिम सगळ्यात आधी धुवायचे, कारण सगळ्यात घाण तिथेच असते आणि ती नंतर धुतलेल्या बॉडीवर उडायला नको. टायरवर दिसणारा तपकिरी रंग नुसता चिखल नसतो. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून कारखान्यात त्यात काही रसायनं घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवेशी संयोग होऊन तपकिरी होतात. त्यावर आधीच्या पॉलिशचा चिकट थर बसलेला असतो. हे सगळं क्लीनर आणि कडक नायलॉनच्या ब्रशने निघायला हवं. तारेचा ब्रश नको. खूण सोपी आहे: फेस तपकिरी निघतोय तोवर घासायचं, पांढरा निघाला की थांबायचं. इथे वेळ वाचवायला गेलात तर पुढचं सगळं वाया जातं. घाणीवर लावलेलं पॉलिश टायरला धरत नाही, घाणीला धरतं आणि तिच्याबरोबरच निघून जातं.

मग बॉडी धुवा, पुसा. टायर एका वेगळ्या जुन्या फडक्याने कोरडे करा. हे फडकं जन्मभर टायरचंच. ते चुकून बॉडीला लागलं तर त्यातली वाळू पेंटवर ओरखडे काढते.

आता स्पंज. टायरला लावायचे तयार ॲप्लिकेटर मिळतात, पण गादीवाल्याकडचा फोमचा तुकडा टायरच्या गोलाईप्रमाणे कापून घेतला तरी काम तेवढंच छान होतं. पॉलिश टायरवर नाही, स्पंजवर घ्यायचं. पहिल्या दिवशी कोरडा स्पंज बरंच पिऊन टाकतो, म्हणून काम झाल्यावर तो धुऊन टाकू नका. झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत ठेवा. दुसऱ्या दिवशी तो भरलेलाच असतो आणि तुमचं वीस मिली खरोखर टायरवर जातं. पुढच्या चाकांना स्टिअरिंग वळवून घेतलं की हात सगळीकडे पोचतो. एका बाजूचे दोन टायर करायचे, मग फिरून दुसऱ्या बाजूचे. गाडीला चार फेऱ्या मारायची गरज नाही.

लावून झालं की लगेच पुसू नका आणि वाट बघत बसूही नका. आतलं व्हॅक्यूम करा, काचा पुसा. ती पंधरा-वीस मिनिटं पॉलिशला मुरायला मिळतात आणि तुम्हाला फुकट पडतात, कारण तेवढ्यात दुसरं काम झालेलं असतं. शेवटी टायरवरून एकदा कोरडं फडकं फिरवायचं. जे फडक्यावर आलं ते दारावर उडणार होतं. गाडी बाहेर काढताना अर्धं चाक फिरतं, तेवढ्यात एखादी जागा राहिलीय का बघून घ्या. गिऱ्हाइकाला ओल्यासारखी चमक हवी असेल तर पहिला हात मुरल्यावर दुसरा पातळ हात द्या. एकच जाड हात देऊन ते होत नाही.

'मोठ्या सेंटरमध्ये तर स्प्रे गननेच मारतात की,' असं कुणी म्हणेल. मारतात. रोज पन्नास गाड्या असतील, फवारा मोजून सोडणारी गन असेल, खाली धुता येणारा ओटा असेल, तर त्यांचं गणित जुळतं. तुम्ही काम करताय सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तिथल्या टाइल्सवर सिलिकॉन उडालं की त्या निसरड्या होतात आणि एखाद्या आजोबांचा पाय घसरला तर तुमचा धंदा त्या गेटच्या आत पुन्हा जाणार नाही. दुसऱ्याची पद्धत उचलताना त्याची जागाही उचलता येते का, हे आधी बघावं.

इथे पैसे वाचवायचे नाहीत

स्वस्तात काम करायचे काही उपाय वर्षानुवर्षं चालत आलेत. टायरला डिझेलचा बोळा फिरवायचा किंवा जळकं ऑइल लावायचं. टायर काळा होतो, खरंय. पण पेट्रोलियम तेलांनी रबर फुगतं आणि मऊ पडतं. दुसऱ्याच्या टायरचं आयुष्य कमी करून स्वतःचे सहा रुपये वाचवायला काटकसर म्हणत नाहीत.

दुसरं, हातमोजे. दिवसभर क्लीनर आणि सॉल्व्हंटमध्ये बुडालेल्या हातांची कातडी सोलते. 'सवय होते' हे वाक्य नेहमी मालकच म्हणतो, हात मात्र दुसऱ्याचे असतात. तुमच्याकडे काम करणारा मुलगा बहुधा तुमच्याच वयाचा असेल, फरक इतकाच की तो कॉलेजला जात नाही. वाचलेल्या पन्नास रुपयांतून त्याला नायट्राइलचे मोजे आणि टायरजवळ बसायला एक बुटका स्टूल एवढं तरी यायलाच हवं. दिवसात सहा गाड्या म्हणजे चोवीस वेळा उकिडवं बसणं. एक दिवस बसून बघा.

तिसरं, आणि यात तडजोड अजिबात नाही. पॉलिश फक्त टायरच्या बाजूला लागतं. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीला नाही आणि ब्रेकच्या डिस्कला तर नाहीच. आणि बाइक? तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात आत्ता आलंच असेल, की उरलेलं आपल्या बाइकच्या टायरला मारू. मारू नका. कारच्या टायरची बाजू रस्त्याला लागत नाही, पण वळणावर बाइक झुकली की टायरची कडा रस्त्यावर येते. तिथे सिलिकॉन असेल तर पकड सुटते. कुणी मित्र आग्रह करायला लागला तरी 'नाही' म्हणा. शंभर रुपयांच्या कामासाठी कुणाचं हाड मोडायला नको.

वाचलेली मिनिटं कुठे घालायची?

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडीमागे सात मिनिटं वाचली. सहा गाड्यांची बेचाळीस मिनिटं. बहुतेक जण म्हणतील, मग सातवी गाडी घेऊ. घ्या, जरूर घ्या. पण त्याआधी प्रत्येक गाडीमागे दोन मिनिटं टायर बघायला ठेवा, असं माझं म्हणणं आहे.

जरा विचार करा. गाडीचा मालक टायरकडे कधी बघतो? पंक्चर झाल्यावर. पंपावर हवा भरणारा बघतो तो व्हॉल्व्हपुरता. गाडीच्या चारही टायरजवळ निवांत बसून, पूर्ण गोलाई हाताने चाचपून बघणारा माणूस एकच असतो आणि तो म्हणजे टायरला पॉलिश लावणारा. त्याला काय बघायचं हे माहीत असेल तर त्याची किंमत एकदम वाढते.

बघायचं तरी काय? बाजूला कुठे फुगा आलाय का. खड्ड्यात आदळून आतले धागे तुटले की तिथे रबर फुगतं आणि असा टायर कधीही फुटू शकतो. बारीक भेगांचं जाळं आहे का. नक्षीच्या खाचांमध्ये आडव्या बारीक पट्ट्या असतात, १.६ मिमी उंचीच्या. नक्षी झिजून त्या पट्ट्यांच्या पातळीला आली असेल तर टायर संपला. खिळा, काच रुतलीय का. आणि टायरचं वय. बाजूवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालाय. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतच असतं.

आपल्याकडे याला फार अर्थ आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाल्यापासून टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चा सतत होत आली आहे. सरळ, सिमेंटचा, तापलेला रस्ता, तासाला १२० किलोमीटरचा वेग आणि भेगाळलेला टायर. सुट्टीत गावी निघालेलं कुटुंब आदल्या दिवशी गाडी धुऊन घेतं. त्या टायरजवळ शेवटचं कोण बसलं होतं? तुम्ही.

मग सांगायचं. 'काका, मागच्या डाव्या टायरला फुगा आलाय, लांब जाण्याआधी टायरवाल्याला दाखवा,' एवढंच. आपण टायरतज्ज्ञ नाही, निदान करायचं नाही आणि घाबरवायचंही नाही. फोटो काढून पाठवायचा. बिलावर एक ओळ लिहायची. यासाठी वेगळे पैसे मागू नका. पण असं एकदा झालं की तो माणूस दुसरीकडे गाडी धुवायला जाईल असं मला वाटत नाही.

याच कामाची दुसरी बाजूही आहे. भेगाळलेला, म्हातारा टायर काळा करून नवा भासवता येतो आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात ते सर्रास चालतं. उद्या एखादा एजंट तुमच्याकडे दहा गाड्या घेऊन येईल आणि म्हणेल, 'टायर एकदम नवे दिसले पाहिजेत.' महिन्याचं घट्ट काम, हातात रोख. तेव्हा तुम्ही काय कराल हे आत्ताच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी विचार सुचत नाही. माझ्या मते काम घ्यावं, पण बिलावर टायरची अवस्था आणि कोडचे ते चार आकडे लिहून द्यावेत. एजंटला ते आवडलं नाही तर त्याला तुमचं काम नको होतं, तुमचं झाकण हवं होतं. हा तोटा परवडतो.

कुणी म्हणेल, टायर पॉलिशसारख्या किरकोळ गोष्टीचं एवढं काय मनावर घ्यायचं? पण विद्यार्थी म्हणून तुमच्याकडे भांडवल नाही, ओळखी नाहीत, मोठी चूक पचवायची ताकदही नाही. हे किरकोळ कामच तुम्हाला परवडण्यासारखी शाळा आहे. खर्च गाडीमागे मोजायचा, वेळेला दर लावायचा, गळती कुठे आहे ते शोधायचं, कुठे थांबायचं ते ठरवायचं आणि वाचलेलं कशावर खर्च करायचं याचा निर्णय घ्यायचा. एमबीएची फी न भरता हे सगळं चार टायरांत बसतं. इथे चुकलात तर वीस मिली वाया जातं. कोटिंगच्या कामात चुकलात तर दुसऱ्याच्या गाडीचा पेंट जातो.

तेव्हा येत्या रविवारी घरच्या नाहीतर शेजारच्या काकांच्या गाडीवर एक प्रयोग करा. मापाच्या झाकणाने वीस मिली मोजा, मोबाइलवर वेळ लावा, चार टायर करा. किती मिली उरलं, किती मिनिटं गेली ते वहीत लिहा. आणि त्याच पानावर चारही टायरचे ते शेवटचे चार आकडे उतरवा. काकांना विचारा, हे टायर केव्हाचे आहेत माहितीये का? बहुतेक त्यांना माहीत नसेल. आता तुम्हाला असेल.